वय वर्षे बारा, मिशीसह

(खोडाळ्याजवळचा एक पाडा. दिवेलागणीची वेळ. ओटीवर तिघं: ग्रामपंचायत सदस्य मंगेश, आशाताईचं काम करणारी त्याची बायको सुनिता आणि आठवीतली मुलगी टीना. मंगेश उभा आहे. सदस्य झाल्यापासून तो घरातही उभा राहूनच बोलतो.)

मंगेश : …म्हणून आजपासून, या घराच्या इतिहासात प्रथमच, माझ्या परवानगीशिवाय एकही अ‍ॅप उंबरा ओलांडणार नाही! नवी पिढी वाचली पाहिजे. मोखाड्याच्या सभेत मी हेच बोललो. टाळ्या पडल्या.

सुनिता : पडू दे. आधी दारातनं बाजूला व्हा, कोंबड्या आत घ्यायच्यात.

टीना : बाबा, मला ते सरावाचं अ‍ॅप पाहिजे. रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. सर म्हणाले, टॅबमध्ये घ्या, प्रश्न सगळे त्यातच आहेत. ते नसलं तर मी काय लिहू?

मंगेश : बघितलंय मी ते. त्याच्या चित्रात काय आहे?

टीना : एक मुलगा आणि एक मुलगी.

मंगेश : कशावर बसलेत?

टीना : बाकावर.

मंगेश : किती बाकांवर?

टीना : …एकाच.

मंगेश : नामंजूर.

सुनिता : अहो, गणित सोडवतायत ती पोरं.

मंगेश : सुरुवात गणितानंच होते, सुनिता.

सुनिता : आणि नामंजूर करायला कुठं दाबायचं, ते तरी येतंय का?

मंगेश : बाजारात कमलेशच्या दुकानात बसून सगळं करून आणलंय. माझं जुनं खातं बंद केलं, नवं उघडलं, एकदम कागदोपत्री. तुझा फोन काच बदलायला नेलेला, तोही जोडला. तिघांचं कुटुंब झालं त्यात. आता पोरीनं काही मागितलं की घंटा पालकाच्या फोनवर. टीना, माग.

टीना : मागितलं.

सुनिता : माझा वाजला.

मंगेश : चुकून वाजला असेल. परत माग.

टीना : मागितलं.

सुनिता : परत माझाच. ‘टीनाला परवानगी द्यायची का?’ आणि त्याच्याखाली अजून एक आलंय. ‘मंगेशला परवानगी द्यायची का?’

मंगेश : कोण मंगेश?

सुनिता : तुम्हीच. फोटो आहे की, मिशीसकट. पुढं लिहिलंय, वय वर्षे बारा.

टीना : कमलेशदादानं वय कशावरून टाकलं, बाबा?

मंगेश : आधारवरून. सरकारी पुरावा आहे तो.

टीना : मग झालं.

सुनिता : तरी मी सांगत होती, ते दुरुस्त करा. बारा वर्षांमागं समाजमंदिरात आधारचा कॅम्प लागला, तेव्हा जन्मतारीख विचारल्यावर काय सांगितलंत?

मंगेश : आई म्हणायची तेच सांगितलं. नागली काढायच्या दिवसांत झाला.

सुनिता : तेव्हा नागलीच काढत होते सगळे. कॅम्पवाल्यानं त्या दिवसाचीच तारीख ठोकली. सालही तेच.

मंगेश : दुरुस्तीला जव्हारला काय कमी खेपा घातल्या? कधी मशीन बंद, कधी साहेब जेवायला.

टीना : म्हणजे मी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

मंगेश : तोंड सांभाळून बोल!

टीना : मोठ्यांशी असं बोलू नये, बाबा.

सुनिता : थांब गं. यांच्या फोनातलं जुनं सगळंच परवानगीला लागलंय. हवामान. बरं. भजनं. पत्ते. परत पत्ते. आणि हे काय, ‘मीठी बातें’?

मंगेश : ते… शेतीविषयक आहे.

सुनिता : शेतीविषयक? या बाईच्या अंगावर धड चिंधी नाही. ही काय भाताच्या आवणीला आलीय?

टीना : आई, बघू.

सुनिता : तू आत जा. …नको, बस. तुझं काय चुकलंय? ‘अनोळखी मुलींशी बोला, नाव कुणाला कळणार नाही.’ शी! काठीनंसुद्धा शिवू नये असली घाण. रात्री पांघरुणात उजेड दिसायचा. मी म्हणायची, सदस्य आहेत, बातम्या बघत असतील.

मंगेश : अगं, सगळेच बघतात. सभेतले पण.

सुनिता : टाळ्या त्यांनीच वाजवल्या ना?

मंगेश : तसं नाय गं…

सुनिता : मी दारोदार फिरून पोरींना सांगते, फोनवर कुणी नको ते बोललं तर आईला सांगा. आणि माझ्याच घरात गणिताला नामंजूर नि या घाणीला पांघरूण! ओकारी येते मला.

मंगेश : सुनिता, पोरीसमोर असं बोलू नको.

सुनिता : पोरगी मोठी आहे. लहान तुम्ही आहात.

टीना : आई, माझं काय?

सुनिता : तुझं मंजूर. हे बघ, दाबलं. चुलीजवळ बस नि कर अभ्यास.

टीना : उतरायला लागलं! आई, रेंज पण आहे!

सुनिता : आणि ही बया नामंजूर. ‘कारण लिहा’ म्हणतंय. काय लिहू?

टीना : ‘मूल लहान आहे’ लिही.

सुनिता : लिहिलं.

मंगेश : मी उद्याच्या उद्या जव्हार गाठतो. हा एका सदस्याचा अपमान आहे! एका बापाचा! या घराचा कर्ता पुरुष कोण, ते मी… अरे? माझ्या फोनचा पडदा काळा कसा झाला? बिघडवला वाटतं कमलेशनं.

टीना : बिघडला नाही, बाबा. खाली बारीक लिहिलंय बघा. ‘झोपायची वेळ झाली.’ बारा वर्षांच्या मुलांना लवकर झोपवतं ते.

सुनिता : कोंबड्या पण गेल्या आत.

मंगेश : सुनिता…

सुनिता : काय?

मंगेश : दहा मिनिटं वाढव की. हवामान तेवढं बघतो.