दिवस कुठून मोजायचे

दवाखान्याच्या बाकावर वह्या तपासत बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

“अहो, आत शेवटच्या पाळीची तारीख विचारतील. काय सांगू?”

“लिहून ठेवायचीस ना?”

“सोडलं होतं ते. दर महिन्याला तेच, किती लिहायचं? आणि चुकीची सांगितली तर बाळंतपणाची तारीखही चुकेल.”

“मागच्या महिन्यातला पहिला रविवार.”

“तुम्हाला कसं आठवतं?”

“त्या दिवशी तू पाळणा शेजारणीला देऊन टाकलास. आता पुरे, म्हणालीस.”

“दिवस तिथून मोजतात?”

“तिथूनच.”

शिक्षिकेचं लाल पेन वहीवरच थांबलं.

“मग पाळणा परत मागू तिच्याकडे?”

“इतक्यात नको. आधी ठोके तर ऐकू येऊ देत.”