अ‍ॅलर्जी : नाही

...नाही, तो एरर गप्प करायचा नाही. हात काढा कीबोर्डवरून आणि आधी वाचा काय म्हणतोय — 'या ऑब्जेक्टला असा अ‍ॅट्रिब्यूट नाही' — म्हणजे रुग्णाच्या नोंदीकडे तुम्ही जे मागताय ते तिच्यात त्या नावानं नाहीच. मग शोधायचं ना, दुसऱ्या नावानं ठेवलंय की ठेवायचंच राहिलंय? ते राहिलं बाजूला, आणि तुम्ही म्हणे, 'सापडलं नाही तर रिकामं दाखवू'. शी. किळस येते मला असल्या ओळीची.

का म्हणून काय विचारता? या खुर्चीत आमचे भाऊजी बसायचे — थोरल्या बहिणीचे यजमान, या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचे मुख्य — त्यांनी हेच केलं होतं. फॉर्मवर भरलेली अ‍ॅलर्जी इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एल' गाळून साठवली जायची आणि डॉक्टरांचा स्क्रीन मागायचा दोन 'एल'वाली. ही कोडची भाषा मेली अशी, चुकीच्या नावानं ठेवलं तर हूं की चूं नाही, नवा कप्पा करून मोकळी. ओरडते ती मागायला गेल्यावर. ओरडली बिचारी. भाऊजींनी तिचं तोंड दाबलं — सापडत नसेल तर 'नाही' दाखव. झालं, ज्याला त्याला 'अ‍ॅलर्जी : नाही'. दिसायला कसं स्वच्छ. आणि एका बाईला नको ते इंजेक्शन गेलं, घसा सुजून बंद — वाचली हो, नळी घालून वाचवली, पण आवाज फाटला तो फाटलाच. गाणं शिकवायची ती.

चौकशीत भाऊजी काय म्हणाले? 'नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं भरलंच नसेल.' पाणी पीत म्हणाले. ती खिडकीवरची रडायला लागली, तर म्हणे, रडून माहिती येत नाही. मग मी उठले, कोड पडद्यावर लावला — ही ओळ, आणि ही लिहिणाऱ्याची सही. त्यांची नोकरी गेली.

ताई घरी आली, चप्पलसुद्धा काढली नाही. 'एका अक्षरासाठी माझं घर मोडलंस,' म्हणाली. अक्षराचं कुठं होतं ते? अक्षर माझंही रोज चुकतं. सांगितलं मी तिला. ऐकायला थांबली नाही.

गेल्या आठवड्यात भाचीचं लग्न झालं म्हणे. फोटो शेजारणीनं दाखवले. माझ्या कडेवर वाढलेली पोर, आणि मी शेजारणीच्या फोनवर —

असू दे. जा तुम्ही, जेवून या. मला भूक नाही.