कोपऱ्याची राखण

अवो, मी निस्तं इचारलं हुतं! इचारलं म्हंजी काय गुन्हा झाला व्हय? तुमाला सांगतो, मानसानं तोंड उघडावं ते भाकरी खायला, सायबाम्होरं न्हाय!

आता बगा, बहात्तर सालच्या दुष्काळात आमचं तळं पार आटलं, बुडाला भेगा पडल्या, फुडं पाणी आलं पर मासा काय येईना, आन आमी पडलो भोई, मंद्रूपच्या बाजारात इकायचं काय, पाणी? तवा सरकारी सायेब जीपमदनं आला, समद्यास्नी लिंबाखाली बसवून म्हणला, "हे पाहा, त्या बाभळीच्या कोपऱ्यात मासळी अंडी घालते. पावसाळाभर तिथं जाळं टाकायचं नाही. तळं तुमचं, नियमही तुम्हीच करा!" लोकं खूश! पंचांनी ठरीवलं, कोपऱ्यात कोण घावला तर त्याचं जाळं दिवाळीपतोर जप्त. समदे माना हालवाय लागले... आन मी म्हणलं, "सायेब, पर राखणार कोण?"

सायबानं टाळीच वाजीवली! "शाब्बास महिपती! अशी काळजी असणाराच माणूस हवा. तुम्हीच राखा!"

मी निस्तं इचारलं हुतं वो!

झालं, बसलो काठावर. चुलतभाऊ तात्याबा येता-जाता म्हणतोय, "काय फौजदार, हितं तोंड धुतलं तर चालंल का?" गिळलं त्येबी. आन एक दिस सकाळच्या भुरभुरीत बगतो तर कोपऱ्यात कुणीतरी कमरंपतोर पाण्यात, जाळं टाकलेलं! वरडलो, "कोण हाय रं त्ये?" मानूस वळलं... माजी सासू, सोजरबाई!

"वरडू नका जावईबापू, मासा पळतोय!"

"मामी, हितं बंदी हाय!"

"ती लोकास्नी! घरात माजी सारजा बाळंतीण पडलीया, तिला मरळीचा रस्सा नगं व्हय?"

तवर समदी भोईआळी काठावर गोळा! तात्याबा म्हणतोय, "हं फौजदार, हुं द्या की जप्ती!" आता मी काय करावं? सोडावं तर सांजच्याला समद्यांची जाळी कोपऱ्यात, न्हाय सोडावं तर घरात कुटल्या तोंडानं जावं? डोळं झाकलं आन जाळं वडलं... बगतो तर गाठी वळखीच्या. जाळं माजंच! बायकूनंच आईला काढून दिल्यालं!

दिलं पंचांकडं. तुमाला सांगतो, दिवाळीपतोर माझ्या घरात मासा न्हाय, सारजा बोलंना, सासू जाईना! कशापायी? मी निस्तं इचारलं हुतं म्हणून! पर त्या दिसापास्नं कोपऱ्यात कुणी बोट बुडवलं न्हाय. तात्याबाच म्हणला, "सासूला सोडंना त्यो मला सोडतोय व्हय?"

आन मासा आला की वो! दिवाळीला पाणी नुस्तं खळबळत हुतं. खरं सांगतो, बगून डोळं भरलं माजं. सायेब आला, म्हणला, "राखण आता बारा महिने चालू ठेवा, आणि राखणीला एक बाईमाणूसही असू द्या." सासूबाय फडाकदिशी उटल्या, "मी बसते की! म्या पाण्यात शिरले तवा ह्यो फौजदार तंबाकू मळत हुता!"

सायबानं पुना टाळी वाजीवली.

जाळं सुटलं, हौसंनं कोपऱ्याभायेरच्या पाण्यात गेलो, तर काठावरनं हाळी, "जावईबापू, मागं सरा, हद्द हाय!" सरलो. "आजून मागं!" सरत सरत काठाला लागलो, पाय कोरडं झालं! आता ही हद्द हाय तरी कुटवर, ते मामीस्नी कुणीतरी इचाराय पायजे...

इचारा की तुमी. मी हितं बसतो.