सासूबाईंनी धरलेली सायकल

माझा जन्म वाईचा. लग्न होऊन कलकत्त्याला आले ती यांच्या मागोमाग, हे एस्प्लनेडला सरकारी कचेरीत कारकून, राहायला क्वार्टर, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मूलबाळ झालं नाही, आणि मग हेच गेले, काविळीनं, बघता बघता गेले. काय सांगू तुम्हाला, दिवस होतायत न होतायत तोच कऱ्हाडहून धाकटे दीर आले, म्हणाले, वहिनी, तुम्ही माहेरी जा, आईला मी नेतो, गोठ्याशेजारची खोली आहे. दीर परत गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, सुमन, मी तिथं राहून आलेय, हाक मारली तर कोणी ओ देत नाही, मला तिथं पाठवू नकोस.

कचेरीतले साहेब भले, यांच्या जागी तुम्हाला घेतो म्हणाले, पण माझं शिक्षण चौथी, तेव्हा काम डाक पोचवायचं, आणि त्याला सायकल यायलाच हवी, परीक्षा घेणार. मी मेलीनं सायकलला कधी हात लावलेला नव्हता. नोकरी नाही तर क्वार्टर नाही, आणि क्वार्टर नाही तर सासूबाई गोठ्याशेजारी.

तेव्हा मैदानाकडच्या एका मोठ्या रस्त्यावर रविवारी सकाळी पोलीस बांबू आडवे टाकायचे, मोटारी बंद, सगळी वस्ती सायकली घेऊन यायची. आम्ही भाड्याची सायकल न्यायचो. मी साडी वर खोचून सीटवर, आणि सासूबाई, साठी उलटलेली बाई, मागून सीट धरून धावायच्या. लोक हसायचे. हसू देत, म्हणायच्या, ते काय आपल्याला जेवायला घालतायत. मी पडायचे, रडायचे, त्या सोडायच्या नाहीत आणि मला एकटीला चालवता यायचं नाही. एरवी त्या रस्त्यावर बस नि लॉऱ्या, तिथं कोण शिकणार हो.

परीक्षा सोमवारी, आणि आदल्या रविवारी जाऊन बघतो तर बांबू नाहीत. मैदानावर सभा, हावड्याकडून लॉऱ्यांवर लॉऱ्या, झेंडे, घोषणा. त्या दिवसांत कलकत्त्यात हेच चालायचं. मी कडेला बसले, म्हटलं, आई, संपलं सगळं. सासूबाई पोलिसाकडे गेल्या, हात जोडले, त्याला मराठी कळेना, त्यांना बंगाली येईना. मग सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन बसल्या. लॉरी करकचून थांबली, मागे दुसरी, माणसं खाली उतरून ओरडायला लागली, आणि त्या मला म्हणाल्या, सुमन, चढ.

चढले. धरायला कोणी नाही. वाटत होतं, आता त्यांना चिरडतात, मागे बघायचा धीर होईना, म्हणून नुसते पाय मारत राहिले, पुढे रिकामा रस्ता आणि मागे शिव्या. वळून आले तर पोलीस त्यांना दंडाला धरून ओढत होता. आलं का गं, एवढंच त्यांनी विचारलं.

नोकरी लागली. पुढं काही वर्षांनी त्या गेल्या त्या क्वार्टरमध्येच, पण भरदुपारी, मी डाक घेऊन बाहेर असताना. माझी गाठ पडली नाही, ते दुःख आहेच, राहणारच. शेजारची बंगाली बाई सांगते, पाणी मागितलं, तिनं दिलं, प्यायल्या आणि पडून राहिल्या. हाकेला ओ मिळाली त्यांच्या. देव त्या बाईचं भलं करो.