कुंड्यांच्या माणसाची बायको

रोपवाटिकेत पैसे भरायच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा उभे होते. आजोबांच्या दोन्ही हातांत मातीच्या कुंड्या होत्या. त्यांचं बोलणं मी तिखटमीठ न लावता सांगतोय. लावायला जागाच नव्हती.

“अहो, घरी अंगणात कुंड्या दोरीत ओवून केलेला माणूस बसवलाय ना? पुन्हा कुंड्या कशाला?”

“त्याच्यासाठी बायको बनवतोय. परवा तू त्याची माफी मागितलीस, तेव्हापासून त्याला फार एकटं वाटतंय.”

“मी? आणि त्याची?”

“आपला अबोला होता ना, तेव्हा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणालीस, ‘चुकलं हो माझं, चहाला या.’”

“ते तुम्हाला म्हटलं! टोपी घालून पाठमोरे बसला होतात की.”

“टोपी त्याला घातली होती. मी पाण्याच्या टाकीमागे बसून त्याचे सुटे हात रंगवत होतो.”

“अगंबाई! आणि आलात की लगेच आयत्या चहाला!”

“त्याला चालता येत नाही. कोणीतरी यायला नको?”

“हसू नका. आता ती बायको कराच, आणि हुबेहूब माझ्यासारखी करा. मग तुम्ही तिची माफी मागा, मी येऊन चहा पिते.”

“मागतो की. पण तिच्या कमरेला कुठली कुंडी घेऊ? ही लहान, की ही मोठी?”

“नीट विचार करून बोला हं. नाहीतर माफी दोनदा मागावी लागेल.”

आजोबांनी कुंड्यांकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं आणि मोठी कुंडी हळूच माझ्या हातात दिली.