आमच्या गाडीची साल

आता यात माझी चूक काय ते तुम्हीच सांगा. म्हणजे चूक होती, माझीच होती, पण सुरुवात तरी मी केली नव्हती ना... गाडी पांढरी होती, ती काय मी पांढरी केली होती? नवी मुंबईत पांढरी गाडी घेऊन रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं थांबून बघा, कुणीतरी मागचं दार उघडून आत बसतंच, पिशव्या मांडीवर घेतं आणि ओटीपी सांगायला लागतं. पप्पांनी सेकंडहँड घेतली, चांगली घेतली, पण नेमकी त्याच मॉडेलची आणि त्याच रंगाची, जी सगळे कॅबवाले घेतात. आमची नंबरप्लेट पिवळी नाही, हे कोण बघतं? एकदा सीवूड्स स्टेशनबाहेर एक आजी येऊन बसल्या, गुडघा धरला, बेलापूर म्हणाल्या, आणि पप्पांनी... तुम्हाला सांगते, पप्पांनी त्यांना बेलापूरला सोडलं. वर त्या म्हणाल्या, गाडी छान सावकाश चालवतोस हो, तर ते कौतुक घरी येऊन चार वेळा सांगितलं. मम्मी तोवर स्टेशनबाहेर भाजीच्या पिशव्या घेऊन उभीच.

तर अशा या गाडीतून मी नववीत नव्या शाळेत गेले. पहिला दिवस. मी फारशी बोलत नाही, म्हणजे मनात खूप बोलते, आता बोलतेय ना तशी, पण समोर माणूस आलं की बुटांकडे बघत बसते. माझ्या बाकावर ऋता होती. नेरूळला टॉवरमध्ये राहणारी, सगळ्यांशी बोलणारी, आणि चांगली, हेच तर वाईट, ती खरंच चांगली आहे. तिने मला गेटवर उतरताना पाहिलं होतं. तिने विचारलं, "तू कॅबने येतेस का? महिन्याची लावलीय?"

आणि मी काही बोलले नाही.

बस्स, एवढंच. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. पण गप्प बसलं की लोक हो धरतात, हे मला चौदा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पप्पा कॅबवाले काका झाले. ऋता गेटवरून त्यांना हात करायची, काका आज लवकर आलात, काका पाऊस आहे, हळू जा... आणि पप्पा खूश. घरी मम्मीला सांगायचे, हिच्या मैत्रिणी बघ किती वळणाच्या, काका काका करतात. मी भाताकडे बघायची. गाडीत मी मागे बसायला लागले होते. पुढची सीट रिकामी, एसीचं तोंड पुढे, मग मागे का? पप्पांनी एकदा विचारलंही. मी काही बोलले नाही.

मग आला विपुलदादा. आत्याचा मुलगा, कुठलाही व्हिडिओ एकदा बघितला की त्यातला तज्ज्ञ होतो. तो म्हणाला, मामा, गाडीला रबराचा स्प्रे मारायचा, रंग पण होतो आणि आवडला नाही तर केळ्यासारखा सोलून टाकायचा, खालचा पांढरा जसाच्या तसा. पप्पांनी विचारलं, कागदावर पांढरी आहे, पोलिसांनी अडवलं तर? विपुलदादा म्हणाला, तिथेच सोलून दाखवायची. आता यावर कुणी विश्वास ठेवेल? पप्पांनी ठेवला. पप्पा कारखान्यात मशीनवर काम करतात, तिथे केसाएवढा फरक चालत नाही म्हणतात, आणि घरी सगळं अंदाजपंचे.

रंग कुठला घ्यायचा ते मला विचारलं. खास मला. मला राखाडी हवा होता, शांत, कुणी वळून बघणार नाही असा. पण मला वाटलं, रंग बदलला की माझं खोटं उघडं पडेल का? की नाही पडणार? पडलं तर बरं की वाईट? हे ठरेपर्यंत पप्पांनी एका डब्याच्या झाकणावर बोट ठेवलं, मोरपंखी.

गणपतीच्या सुट्टीत शिरवणे गावात, आम्ही राहतो त्या घरामागे, कार्यक्रम झाला. काचांना वर्तमानपत्रं, चाकांना पिशव्या, पप्पांच्या तोंडाला मम्मीची ओढणी. विपुलदादा डबे हलवतोय, पप्पा मारतायत, आणि वारा... वाऱ्याचा विचार कुणी केला नव्हता. तुळस मोरपंखी झाली. दोरीवरचा मम्मीचा परकर मोरपंखी झाला. व्हिडिओत म्हणे सहा हात द्यायला सांगितले होते. पप्पांनी बॉनेटला हौसेने आठ दिले, दारांना तीन, आणि छतापर्यंत डबे संपले. छताला कसाबसा एक. पप्पा म्हणाले, वरून कोण बघणार आहे? माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळी पप्पा गाडी घेऊन आले आणि अख्ख्या 'नववी ब'ने खिडकीतून बघितलं. वरून ती गाडी दिसत होती कशी माहितेय? बुरशी आलेल्या पावासारखी. ऋता म्हणाली, अगं, तुझ्या कॅबवाल्या काकांनी हे काय केलंय? त्यांच्या कंपनीला चालतं का असं? वर्ग हसला. ही वेळ होती. आता म्हणायचं, कॅब नाही ती, आमची आहे, पप्पांनी स्वतः रंगवलीय. एका श्वासाचं काम. पण एवढा वर्ग हसत असताना... तो बुरशीचा पाव आमचा आहे, असं म्हणायचं? मी काही बोलले नाही.

तरी एक सांगते, रंग टिकला. दसऱ्यापर्यंत टिकला. दसऱ्याला गोजरा आत्या आली गाडीची पूजा करायला. तिने बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, झेंडूचा हार लावला, आणि हार वाऱ्याने उडू नये म्हणून तो चिकटपट्टीने बॉनेटवर चिकटवला. रुंद, खाकी, खोके बांधायची असते ती. अशी वर्षानुवर्षं चिकटवत आलीय, कधी काही झालं नाही, कारण गाडीला कधी साल नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत ओपन हाउस. निघताना पप्पांनी हार ओढला तर पट्टीबरोबर अर्धं स्वस्तिकच उचकटून हातात आलं. पप्पा ते टाकायला निघाले तर आत्याने भावाचा हात धरला. "लक्षुमी हाय ती, मिथुन, तिला कचऱ्यात नाय टाकाची." म्हणून रबराचा तो तुकडा देव्हाऱ्यात गेला, आणि बॉनेटवर पांढरं भोक घेऊन आम्ही शाळेत गेलो.

मम्मी आत बाईंना भेटत होती. पप्पा गाडी गेटजवळ लावून समोर चहाला गेले. मी आणि ऋता बाहेर आलो तर गाडीभोवती आमच्या वर्गातली पाच-सहा मुलं. कुणाला तरी त्या भोकाची कड सापडली होती. हातावर गोंद वाळला की तुम्ही सोलून काढता ना, तसं. आठ हात दिलेलं बॉनेट, ते काय सुंदर सुटत होतं... चपातीएवढे तुकडे. एकाने डोक्यावर घेतला, एकाने मिशी केली. ऋतानेही एक लांब पट्टी ओढली, हसत हसत, वाईट मनाने नाही. मलाही म्हणाली, ओढ ना, मस्त वाटतं.

त्या बॉनेटवर पप्पा दोन दिवस वाकून होते. त्यांची कंबर धरली होती, मम्मीने शेक दिला होता, हे मला माहीत होतं. आणि मी काही बोलले नाही.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन पप्पा आलेच. मुलं पळाली. ऋता नाही पळाली, मी म्हटलं ना चांगली आहे, ती पट्टी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी काका. तुमचे शेठ रागावतील का? मनस्वी, तू सांग ना त्यांना, तुमची रोजची कॅब आहे ना ही."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं हो. नुसतं बघितलं, घड्याळ बघावं तसं. मग कप खाली ठेवला, मागचं दार उघडलं.

"शेठचं मी बघतो," ऋताला म्हणाले. आणि मला म्हणाले, "बसा मॅडम. ऊन आहे."

आणि मी बसले. हे मी तुम्हाला सांगतेय, अजून कुणाला सांगितलं नाही... मी बसले. ऋताला तिच्या आईने हाक मारली, ती गेली, मम्मी आली, पुढे बसली, माझ्या मार्कांबद्दल घरापर्यंत बोलत होती. पप्पा हं हं करत होते. सिग्नलला त्यांनी आरशात एकदा बघितलं. "मागे बरं वाटतं ना?" एवढंच विचारलं. मम्मी म्हणाली, तिला काय विचारता, ती कुठे बोलते.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही आणि दुसऱ्या दिवशी मी ठरवून शाळेत गेले. पप्पांना म्हटलं, मी पुढे बसणार. गेटवर ऋता होतीच. उतरले, दार बंद केलं नाही मुद्दाम, आणि एका दमात, डोळे मिटून सांगून टाकलं. ऋता, ही कॅब नाही, आमची घरची गाडी आहे, हे काका नाहीत, पप्पा आहेत माझे, रंग त्यांनीच मारलाय, घरी, स्वतःच्या हाताने, आणि पहिल्या दिवसापासून मी खोटं बोलतेय, म्हणजे बोलत नाहीये... 

डोळे उघडले. पप्पा स्टिअरिंग धरून समोर बघत होते, पण कान इकडेच. ऋता गाडीकडे बघत होती. अर्धं बॉनेट पांढरं, अर्धं मोरपंखी, कडेने साली लोंबतायत. मला वाटलं ती रडेल, भांडेल, बाक बदलेल. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"तरीच," म्हणाली. "मी आईला म्हटलंच होतं, कॅबवाला गाडीचं असं कधी करणार नाही. त्याचं पोट असतं तिच्यावर."