सेरेब्रल स्थळाची चौकशी

तुम्हाला म्हणून सांगतो, स्थळ पाहताना मला मुलापेक्षा त्याच्या विशेषणांचाच संशय अधिक येतो. माझ्या पुतणीला मंद्रूपचे स्थळ सांगून आले, तेव्हा मध्यस्थ म्हणाले, "मुलगा अगदी सेरेब्रल आहे, गुरुजी."

हा शब्द मी दवाखान्यात, मेंदूच्या आजाराच्या नावातच ऐकला होता. म्हणून कोश उघडले. इंग्रजीत बुद्धिप्रधान, फ्रेंचमध्ये भावनेपेक्षा बुद्धीने जगणारा. येथवर ठीक होते. परंतु लॅटिनमध्ये मेंदूवरूनच बनलेले विशेषण तापट, माथेफिरू माणसाला लावीत. पोरीच्या जन्माचा प्रश्न होता. माझी झोप उडाली.

आमच्याकडे मुलाची चौकशी आठवडी बाजारात, आडून करतात. मी मंद्रूपच्या बाजारात जाऊन, मुलाचे नाव सांगून एका भांडेवाल्याला विचारले, "तो मुलगा डोक्याने कसा आहे?"

"लई हुशार हाय की."

"कधी डोके फिरते का त्याचे?"

"न्हाय बा." त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमी कुटले?"

मी उत्तर टाळले आणि हाच प्रश्न आणखी काही दुकानांत विचारला.

आठवड्याने मध्यस्थ आले. "मुलगी पसंत आहे त्यांना. पण कोणी म्हातारा बाजारभर डोक्याची चौकशी करत हिंडला, तो मुलीचा काकाच होता, हे कळलंय त्यांना. आता हे डोक्याचं तुमच्या घराण्यातलं आहे का, ते बघायला त्यांची माणसं गल्लीत येणार आहेत."

मी काही बोलणार, तोच पुतणी आतून बाहेर आली.

"काका, आजच केमला आत्याकडे जाऊन राहा की."